खालून येणारे ठोके

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला
मी नऊ भोकं पाडली. एक तिरकं पडलं.
आत मेलेल्या टीव्हीचे कपॅसिटर,
भंगारवाल्या रेमिहियोकडून किलोवर घेतलेले नॉब,
आणि शाळेच्या विज्ञानपेटीतला एक स्पीकर
जो परत करायचा राहूनच गेला.

पहिल्या रात्री डबा बोललाच नाही.
दुसऱ्या रात्री धूर.
तिसऱ्या रात्री वायर चुकून भलत्याच भोकात गेली
आणि आतून आवाज आला
सर्दी झालेल्या जहाजाच्या भोंग्यासारखा.
मी हसले. एकटीच, मोठ्याने.

वाल्परायसोत रात्री समुद्रावरून धुकं चढतं,
टेकडीवरची पत्र्याची घरं एकेक करून पुसत.
ते खिडकीशी आलं की माझा सूर उतरतो.
किती, तेही मोजलंय: अर्ध्या स्वराला जरासा कमी.
ट्रान्झिस्टरला थंडी वाजते, दुसरं काय.
पुस्तकं म्हणतात, हा दोष आहे, काढून टाका.
मी डब्याशेजारी चहाचा गरम कप ठेवते
आणि कुरकुरत वर येणारा सूर ऐकत बसते.

खाली बाल्तासार.
चाळीस वर्षं बंदरातल्या क्रेनवर,
एक कान तिथेच ठेवून आलेला.
उरलेल्या कानाने त्याला माझं सगळं ऐकू येतं.
साडेदहा वाजले की झाडूचा दांडा छताला:
ठक. ठक ठक. ठक.
त्याचं छत म्हणजे माझी जमीन.
तळपायांना आधी कळायचं, मग कानांना.

एका रात्री, खोडसाळपणा म्हणा हवं तर,
वाढदिवसाच्या गाणाऱ्या कार्डातली पितळी चकती
मी उचकटून काढली, जमिनीच्या फळीला चिकटवली
आणि तिची वायर तिरक्या भोकात खोचली.
ठक, आणि घंटा.
ठक ठक, आणि दोन घंटा, दुसरी किंचित बेसूर.
तो चिडला. ठोके वाढले,
ठोके वाढले तशी लय चढली,
ती रात्र आम्ही दोघांनी मिळून वाजवली
आणि आमच्यातल्या एकीलाच ते ठाऊक होतं.

मग रोजचंच झालं.
जिन्यात भेटला की तो मान फिरवायचा
आणि मी कांद्यांची पिशवी सावरत मनात म्हणायचे,
काल काय समेवर आलात हो!

मार्चमध्ये ठोके थांबले.
अकरा वाजले. बारा.
डबा एकच लांब सूर धरून बसला,
कोणी उठवायला नसलेल्या पाहुण्यासारखा.
मी चकतीचा आवाज वाढवत नेला, वाढवत नेला:
फ्रिज. नळ. केबलगाडीचा दोर, शेवटच्या फेरीचा.
त्याचं मांजर. मांजराच्या पावलाला
एवढं वजन असतं हे मला माहीत नव्हतं.
माणूस नाही.

सकाळी पाववालीने सांगितलं: कमरेचं हाड,
स्टुलावरून पडला, हातात झाडू होता म्हणे.

मांजराला मी सार्डिनचा डबा फोडून दिला.
तो रिकामा डबाही धुऊन ठेवला,
त्यात एक फिल्टर मावेल.
हे असलं सुचतं, तेव्हासुद्धा.

परवा तो आला.
साडेदहाला नाही, पावणेअकराला.
ठक.
मी थांबले, हात हवेत.
इतका वेळ गेला की वाटलं, एवढंच.
ठक.
पहिली घंटा केव्हाच विझली होती,
मधे नुसती खरखर.
मी विझण्याचा नॉब धरला,
जरा उजवीकडे, आणखी जरा,
एक घंटा पुढच्या ठोक्यापर्यंत पुरावी इतपत.
धुकं खिडकीशी आलं होतं.
कप जवळ सरकवला.